पाहुणे नसलेला रविवार

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी घरांची एक रीत आहे. पुण्याहून नणंद आली किंवा नांदेडहून मावसभाऊ आला की चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा, बिर्ला मंदिर आणि प्राणीसंग्रहालय असं सगळं दोन दिवसांत उरकायचं. पाहुण्यांना गाडीत बसवून दिलं की पुढचे सहा-आठ महिने रविवार काढायचे ते मॉलच्या थंडगार मजल्यांवर. त्यामुळे आपल्या पोरांना हे शहर दिसतं ते कायम पाहुण्यांच्या घाईतून. "चला चला, अजून किल्ला राहिलाय" हे वाक्य ऐकतच ती मोठी होतात.

म्हणून पहिली सूचना अशी, की पाहुणे नसतील असाच रविवार निवडा. दुसरी सूचना म्हणजे त्या दिवशी एकच ठिकाण. तिसरी थोडी विचित्र वाटेल, पण माझा सगळा भर तिच्यावरच आहे. एकदा पाहिलेलं ठिकाण 'झालं' म्हणून यादीतून खोडू नका. दीड-दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा जा. जागा तीच असते, पण पोर तेवढ्या काळात वेगळं झालेलं असतं. या शहरातल्या रहिवाशांना पाहुण्यांपेक्षा जास्त मिळतं ते इथेच, आणि नेमकं तेच आपण वापरत नाही.

नेहरू प्राणीसंग्रहालयाचंच बघा. ते 1963 साली सुरू झालं. मीर आलम तलावाला लागून सुमारे 380 एकरांवर पसरलेलं आहे. सोमवारी बंद असतं. एवढ्या पसाऱ्यात अडीच वर्षांच्या पोराला वाघ दिसत नाही. म्हणजे डोळ्यांना दिसतो, पण दूर सावलीत आडवा पडलेला पट्ट्यापट्ट्यांचा ढिगारा त्याच्या लेखी वाघ नसतोच. त्याचा वाघ पुस्तकात उभा असतो आणि डरकाळी फोडत असतो. त्याला रमवतं काय, तर वाटेवर पडलेलं मोराचं पीस, बाकाखाली आलेली खार, हत्तीची शी. तो खारीपाशी वीस मिनिटं बसला तर बसू द्या. तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत हा विचार मोठ्यांचा. पाच वर्षांच्या मुलाला वाघ दिसतो, हवा असतो आणि छोट्या आगगाडीत बसायचंच असतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी पिंजऱ्यापुढची पाटी स्वतः वाचते आणि विचारते, "हा आसामचा असेल तर इथे कसा आला?" तीन वयांचे हे तीन वेगवेगळे दिवस आहेत. तिन्ही एकाच फेरीत बसवायला गेलं की कुणाचाच दिवस धड होत नाही.

तिथे निशाचर प्राण्यांचं एक दालन आहे. दिवसा आत मुद्दाम मिणमिणता उजेड ठेवतात, म्हणजे रात्री वावरणाऱ्या प्राण्यांना दिवस उलटा वाटतो आणि आपल्याला ते जागे दिसतात. ही युक्ती सात वर्षांच्या मुलाला बाहेरच समजावून सांगितली तर तो आत शिरताना गुप्तहेरासारखा चालतो. तीन वर्षांच्या आतलं पोर मात्र अंधारात पाऊल टाकताच भोकाड पसरण्याची शक्यता दाट. अशा वेळी "काही नाही होत, घाबरू नकोस" म्हणत त्याला ओढत नेऊ नका. एकाने बाहेर थांबावं आणि एकाने थोरल्याला घेऊन आत जावं.

प्राणी सकाळी हिंडतात-फिरतात आणि ऊन चढलं की झोपतात, तुमच्या पोराचं वेळापत्रकही तसंच असतं. म्हणून दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. फाटकापासून सगळ्यात लांबचा भाग आधी बॅटरीच्या गाडीने गाठा आणि रमतगमत फाटकाकडे चालत या. बहुतेक लोक उलट करतात, आणि साडेबारा वाजता उन्हात दीड किलोमीटरवर, पेंगणारं पोर खांद्यावर घेऊन उभे असतात. जवळच बहादूरपुऱ्यात सुधा कार म्युझियम आहे. वांग्याच्या, बुटाच्या, क्रिकेटच्या बॅटीच्या आकाराच्या खऱ्या चालणाऱ्या गाड्या तिथे आहेत आणि मुलं त्यांवर खूश असतात. "एवढं आलोच आहोत तर" असा मोह तिथेच होतो. तो आवरा. वांग्याची गाडी हा स्वतंत्र रविवार आहे.

सालारजंग म्युझियम लहान मुलांसाठी कंटाळवाणं असतं हा एक समज आहे, आणि ज्या पद्धतीने आपण ते पाहतो त्या पद्धतीने तो खराच आहे. एकामागून एक दालनं पार करत गेलं तर मोठ्यांचेही पाय बोलू लागतात. मुलांसोबत तिथे फक्त तीन गोष्टी पाहायच्या. सकाळी दहाला आत शिरायचं (शुक्रवार सोडून, तेव्हा बंद) आणि आधी बुरखाधारी रिबेकाकडे जायचं. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची ही संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी 1876 साली रोममध्ये घेतली. चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखाही दगडाचाच. पाच वर्षांचं पोर तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, त्याला हात लावून बघायचाच असतो. म्हणून दालनाच्या दारातच खेळ ठरवा. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि कापड कुठे संपतं, दगड कुठे सुरू होतो हे फक्त डोळ्यांनी शोधायचं. मग मुलांच्या दालनात जाऊन खेळण्यातले शिपाई आणि आगगाड्या बघायच्या.

तिसरी गोष्ट अर्थात घड्याळ. तास भरत आला की त्यातून एक चिमुकला दाढीवाला माणूस बाहेर येतो, घंटेवर ठोके देतो आणि परत आत जातो. शिवाय एक लोहार सेकंदागणिक हातोडा मारत असतो. सगळं हैदराबाद बाराच्या ठोक्यांना येतं, कारण बारा ठोके सगळ्यांत जास्त. त्यामुळे बारा वाजता घड्याळासमोर माणसांची भिंत उभी असते आणि तीन फूट उंचीच्या माणसाला तिथून पुढच्या काकांचा पट्टा तेवढा दिसतो. तुम्ही अकराला जा. अकरा ठोक्यांनी काही बिघडत नाही, दहा मिनिटं आधी पोहोचलात तर पुढे बसायला मिळतं. मुलांना ठोके बोटांवर मोजायला सांगा. अकराला दोन हात पुरत नाहीत, अकरावं बोट धाकट्याचं उसनं घ्यावं लागतं. यावरून भांडण होतं, पण ते बघण्यासारखं असतं. सव्वाअकरा-साडेअकराला बाहेर. उरलेल्या दालनांचं काय, ती पुढच्या खेपेला.

गोवळकोंडा सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. आधी नेऊ नये असं नाही, पण साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, कठडे सगळीकडे नाहीत, आणि बाबागाडी तर पहिल्या वळणावरच ओझं होते. तान्हं असेल तर पोटाशी बांधायची झोळी घ्या. किल्ल्यातली टाळी सगळ्यांना ठाऊक आहे: खाली बाला हिसार दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते. पण रविवारी अकरानंतर त्या घुमटाखाली एका वेळी तीस माणसं टाळ्या पिटत असतात, आणि वर कुणाची टाळी पोहोचली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ही गंमत मुलांना खरोखर दाखवायची तर सकाळी किल्ला उघडताच जा आणि घर दोन तुकड्यांत वाटा. बाबा आणि थोरली वर, आई आणि धाकटा खाली. मोबाइलवरून वेळ ठरवा, खालच्यांनी तीन टाळ्या द्यायच्या आणि वरच्यांनी किती ऐकू आल्या ते फोनवर सांगायचं. मग घुमटाखालून दोन पावलं बाहेर सरकून पुन्हा वाजवायच्या. फरक मुलं स्वतः शोधतात. ध्वनीचा धडा शाळेत येईल तेव्हा येईल, कान आधी तयार झालेले बरे.

इथे आपल्या मुलांना सांगण्यासारखी एक गोष्टही आहे, आणि ती कुठलाही गाइड सांगणार नाही. 1677 साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज याच भागानगरात, म्हणजे आपल्या हैदराबादेत, अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. येसाजी कंक हत्तीशी लढला ती गोष्ट याच भेटीतली म्हणून सांगतात. इतिहासकार तिला किती मान देतात हा प्रश्न वेगळा, आठ वर्षांच्या पोराला चढण सोपी करण्यापुरती ती पुरेशी आहे. सीबीएसईच्या शाळेत तेलुगू, हिंदी, इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर एरवी येसाजी कुठून पडणार? फक्त सगळी गोष्ट पायथ्याशीच सांगून टाकू नका. निम्म्या पायऱ्यांवर हत्ती येऊ द्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर एक स्पष्ट बोलतो. आजीचे गुडघे दुखतात म्हणून धाकट्याला तिच्या मांडीवर टाकून सगळे वर निघून जातात, हे चांगलं दिसत नाही. दीड वर्षाचं पोर सांभाळणं किल्ला चढण्यापेक्षा सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने ते एकदा करून बघावं. आजीलाही तो दिवस बाहेरचाच आहे. खाली एकाने थांबायचंच, आणि परत आल्यावर पाळी बदलायची.

नौबत पहाडावरचं बिर्ला मंदिर, तारांगण आणि विज्ञान केंद्र एकमेकांजवळ आहेत, त्यामुळे सगळे एका दमात करायला जातात. तारांगणाचा खेळ साडेचार-पाच वर्षांखालच्या मुलांना झेपत नाही. अंधार, मान वर, मोठा आवाज, आणि मध्येच "मला शू लागली". तिथलं खरं आकर्षण माझ्या मते डायनोसॉरचा सांगाडा. यातली खास गंमत मराठी मुलांना नक्की सांगा. हा प्राणी परदेशी सिनेमातला नाही, गोदावरीच्या खोऱ्यातला आहे. त्याची हाडं तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात यामनपल्लीजवळ सापडली. त्याचं नाव कोटासॉरस, आणि ते ज्या कोटा थरांवरून पडलं त्यांचं मूळ गाव कोटा आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात. एका प्राण्याचा अख्खा सांगाडा मिळाला नव्हता, अनेकांच्या हाडांतून तो जुळवला आहे. हे कळल्यावर ज्यांना जोडचित्रांचा नाद आहे अशी मुलं सांगाड्याखाली उभी राहून "हे हाड दुसऱ्याचं असेल" अशा पैजा लावतात. मेट्रोने असेंब्ली किंवा लकडी का पूलला उतरून तिथे जाता येतं, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांच्या पोरासाठी मेट्रो हीच अर्धी सहल. अमीरपेटला गाडी बदलायची असेल तर मात्र तेवढ्यापुरतं त्याला कडेवर घ्या. तिथली रविवारची गर्दी लहानांच्या डोक्यावरून वाहते.

हुसेनसागरातला बुद्ध संध्याकाळी. 18 मीटर उंचीची एकाच दगडाची मूर्ती. 1990 साली तराफ्यावरून नेताना ती पाण्यात पडली, काही माणसांचे जीव गेले, आणि पुढे तळातून काढून 1992 मध्ये ती उभी केली. लहानांना "बुडलेला आणि वर आलेला बुद्ध" एवढं पुरे, दहा वर्षांच्या मुलाला सगळं सांगा. नावेत बसताना मुलाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट मागून घ्या. मोठ्यांचं जाकीट पोराच्या अंगात घातलं की ते पाण्यात डोक्यावरून निसटतं.

चारमिनारबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. संध्याकाळच्या गर्दीत लहान मुलाला तिथे नेऊ नये. गुडघे, पिशव्या आणि मोटारसायकलींचे सायलेन्सर, एवढंच त्याच्या उंचीवरून दिसतं. रविवारी सकाळी सातला जा. दुकानं बंद असतात, कबुतरं उतरलेली असतात, आणि 1591 ची ती इमारत पोराला मान वर करून निवांत बघता येते. शेजारी इराणी चहावाले उघडे असतातच. चहा तुमचा, उस्मानिया बिस्किट त्याचं. नऊला घरी.

आता डबा. बिर्याणी पोरांच्या सहलीत आणूच नका. तिखटाने मूल पाणी पाणी करतं आणि रांगेत तासभर जातो. ती संध्याकाळी घरी मागवा आणि मुलं झोपल्यावर सुखाने खा. बरोबर न्यायला दहीभातासारखं दुसरं काही नाही, फक्त तो सकाळी नुसत्या दह्यात कालवला तर एप्रिलच्या उन्हात बारापर्यंत आंबट होतो. भात मऊ शिजवून कोमट असताना त्यात भरपूर दूध आणि एकच चमचा दही घाला. डबा उघडेपर्यंत त्याचं आपोआप गोडसर दही लागतं. वरून तेलात तडतडलेली मोहरी, आणि खाणारं पोर असेल तर डाळिंबाचे दाणे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या वड्या तर आहेतच. सकाळी लवकर निघायचं असेल तर घरी नाश्त्याचा घोळ घालू नका. वाटेतल्या कुठल्याही टिफिन सेंटरवर इडल्या मिळतात, चटणी मात्र आधी स्वतः चाखून मग मुलाच्या ताटात घाला. प्राणीसंग्रहालयात प्लास्टिकला मनाई आहे, तेव्हा डबे स्टीलचे आणि पिशवी कापडी.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत उघड्यावरची ठिकाणं सकाळी साडेदहापर्यंत, नाहीतर नाहीच. मुलांनी पाणी मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाने स्वतःहून द्या. खेळात गुंतलेलं मूल तहान विसरतं. चार-पाच तासांत एकदाही शू झाली नाही तर पाणी कमी पडतंय असं समजा, सावलीत बसवा, ओआरएस द्या. कपड्यांचा एक जादा जोड प्रत्येकाचा, बाबांचासुद्धा. का ते तान्ह्या मुलांच्या बाबांना माहीत आहे.

हरवण्याची भीती सगळ्यांना असते, तयारी फार थोडे करतात. निघताना दारातच मुलांचा एक फोटो काढा, म्हणजे आज कोणता शर्ट घातला होता हे घाबरलेल्या आईला आठवावं लागत नाही. फोन नंबर मनगटावर बॉलपेनने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. चार वर्षांच्या वरच्या मुलाला एकच नियम पाठ करवा: आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच उभा राहा, आम्ही शोधत येऊ. "पोलिसांकडे जा" हे सांगणं ठीक, पण ते लहानाला ओळखू येतील याची खात्री नसते. "जिच्याबरोबर लहान मूल आहे अशा काकूंना सांग" हे लगेच कळतं. आणि आईबाबांची खरी नावं त्याला माहीत आहेत का, हे आज घरीच तपासा. मदतीला 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

भावंडांत थोरल्यावर अन्याय होतो. बाळ रडलं की निघायचं, बाळ झोपलं की हळू बोलायचं, आणि थोरली बिचारी कायम "समजूतदार". तिला अर्धा तास तरी एका पालकाचा पूर्ण मिळाला पाहिजे, आणि एक खरं काम: मेट्रोचा नकाशा बघून स्टेशनं मोजणं, किंवा घड्याळ लावून बाराला सगळ्यांना पाणी पाजणं. खेळण्यांच्या गाड्यांपाशी होणारा तमाशा टाळायचा तर पैसे तिच्याच हातात द्या. शंभराची नोट, आज एवढेच, कशावर खर्चायचे ते तू ठरव. पहिल्या गाडीपाशी ती नोट संपते. दुसऱ्या खेपेला ती तीन गाड्या बघून मग घेते.

आणि निघायचं कधी? मूल रडायला लागल्यावर नव्हे, त्याच्या अर्धा तास आधी. पोर कान चोळू लागतं, विनाकारण पळत सुटतं, नाही त्या गोष्टीला "नाही" म्हणतं, किंवा एरवी बडबड करणारं अचानक गप्प होतं, तेव्हा घड्याळात कितीही वाजलेले असोत, दिवस संपला. जुन्या शहरातून रविवारी दुपारी गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून ती शेवटच्या दालनात असतानाच बोलवा. गाडीत पोरं झोपतातच. झोपू द्या, पण घरी आल्यावर चारच्या पुढे झोपू देऊ नका. नाहीतर रात्री साडेअकराला धाकटा दिवे मालवायला लावेल आणि निशाचर दालनातलं घुबड काय काय करतं ते तुमच्या पोटावर बसून करून दाखवेल.